पाखरांचा कंट्रोलर

रिंग रोडला लागून दोन एकर जागा नावावर असताना तिच्याकडे बघून ‘इथं होस्टेलच्या किती खोल्या निघतील’ हा विचार ज्याच्या मनाला एकदाही शिवला नाही, असा माणूस सबंध लातुरात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. याला माझं नशीब म्हणावं की भोग, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ते दिवसच तसे होते. नांदेड, परभणी, बीड, कुठून कुठून मुलं ट्रंका घेऊन लातूरच्या स्टँडवर उतरत होती. प्रत्येकाला डॉक्टर व्हायचं होतं. ज्याच्या घराला जिना होता त्यानं जिन्याखालची जागा भाड्यानं दिली होती. गोठे गेले आणि रूमा आल्या. डाळ मिलच्या जुन्या गोदामात वर्ग भरत, आणि तुरीच्या टरफलांच्या वासात मुलं हृदयाचे कप्पे पाठ करत. मीही त्याच गर्दीत देगलूरहून आलो, बायोलॉजीचा क्लास काढला, आणि बघता बघता पोरांना बसायला जागा पुरेना. मागच्या बाकावरचा मुलगा खिडकीत बसायचा आणि खिडकीतला गॅलरीत. असा मी जागेसाठी तडफडत असताना आमच्या हिच्या मामांनी त्या दोन एकरांत काय करावं? तर पाखरं ठेवावीत! त्यातही धडकी पाखरं नाहीत, सगळी मोडकी.

मामा एस.टी.त कंट्रोलर होते. स्टँडवरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून ‘लातूर-निलंगा गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे’ असं कर्ण्यातून सांगणारा जो आवाज असतो, तो आमच्या लातुरात बरीच वर्षं मामांचा होता. वय झालं तसे मामा निवृत्त झाले, पण त्यांच्यातला कंट्रोलर काही झाला नाही. माझ्या लग्नात गुरुजींच्या हातातला माइक घेऊन त्यांनी ‘नवरदेव मांडवात लागत आहेत, वऱ्हाडी मंडळींनी घाई करू नये’ असं जाहीर केलं होतं आणि वऱ्हाडातले निम्मे लोक सवयीनं पिशव्या उचलून उभे राहिले होते. मामी हयात होत्या तेव्हा जेवायला पाच मिनिटं उशीर झाला तर मामा शांतपणे तक्रारवही मागत. मामीही काही कमी नव्हत्या. त्या म्हणत, ‘वही देते, पण आधी सुट्टे काढा.’ मला ते पहिल्यापासून ‘जावईबापू’ म्हणत आणि अहोजाहो करत. हा मान फार महागात पडतो, हे पुढं कळलं. ‘जावईबापू, तेवढी बगळ्याची घाण उचलता का?’ असं कुणी इतक्या अदबीनं म्हटल्यावर माणसानं नाही तरी कसं म्हणावं?

या सगळ्या खटाटोपाला सुरुवात झाली ती भूकंपामुळं. किल्लारीच्या बाजूची गावं पडली तेव्हा मामा नोकरीत होते, आणि तिकडून जखमी माणसं भरभरून आणणाऱ्या गाड्या त्यांच्याच स्टँडात येत होत्या. त्या दिवसांबद्दल मामा फारसं बोलत नसत. एवढंच सांगत, की एक गाडी रिकामी झाली, माणसं दवाखान्यात गेली, आणि मागच्या बाकड्यावर एक पिंजरा राहिला. पिंजऱ्यात पोपट. आमच्या देगलूरला अर्धी गल्ली त्याला तेलुगूत चिलुका म्हणते. गाडीत राहिलेलं बेवारस सामान कंट्रोलरनं केबिनमध्ये ठेवावं, आणि ठरलेल्या मुदतीत कुणी आलं नाही तर ते डेपोच्या स्टोअरला पाठवून द्यावं, असा दस्तूर असतो. मामांनी फळ्यावर खडूनं लिहिलं, ‘पोपट मिळाला आहे. खूण पटवून न्यावा.’ मुदत उलटली, कुणी आलं नाही. मामांनी छत्र्या, डबे, एक कुबडी आणि कुणाचा तरी दातांचा संच असं सगळं स्टोअरला पाठवलं, पोपट मात्र पाठवला नाही. म्हणाले, ‘त्या गावाचा मानूस आज उद्या कसा येईल? त्याला आधी सवताला तर सापडू दे.’ मग कंट्रोलरच्या केबिनमध्ये पाखरू आहे ही बातमी पसरली आणि लोक कुठं काय पडलेलं दिसेल ते आणून द्यायला लागले. मांज्यानं पंख कापलेली घार, घरट्यातून पडलेली पिंगळ्याची पिल्लं, ट्रकला थडकलेला भारद्वाज. निवृत्तीच्या दिवशी मामांना शाल, श्रीफळ आणि सात पाखरं घेऊन घरी जावं लागलं, आणि घरात मावेनात म्हणून त्या दोन एकरांत नेऊन ठेवावी लागली.

बाकीचे लोक त्या जागेला पक्षी उद्यान म्हणत, मामा स्टँड म्हणत. एस.टी.च्या लाल-पिवळ्या रंगात त्यांनी फाटकावर पाटी रंगवली होती: ‘पाखरांचं स्टँड. इथं पाखरं विकत मिळत नाहीत. पोपट पाळणं गुन्हा आहे. शिट्टी वाजवू नये.’ भंगारात निघालेल्या गाड्यांच्या खिडक्यांचे गज आणून पिंजरे केले होते आणि प्रत्येक पिंजऱ्याला फलाटाचा नंबर दिला होता. मांज्याची एकवर, पिल्लं दोनवर, लोकांच्या घरातून सोडवलेली तीनवर. वनखात्यानं दिलेला परवानगीचा कागद वेळापत्रकाच्या जागी लावला होता. एक जाडजूड रजिस्टर होतं. त्यात मालक, कुठून आली, आगमन, बिघाड, दुरुस्ती, प्रस्थान आणि कुठे असे रकाने. ‘बिघाड : डावा पंख. दुरुस्ती : पट्टी बांधली. गाडी डेपोत.’ आणि पाखरू धडकं झालं की त्याच दिवशी ते सुटलंच पाहिजे, त्यात वशिला चालत नसे. मामा इस्त्रीचा सदरा घालत, कर्णा तोंडाला लावत आणि सांगत, ‘लक्ष द्या. फलाट क्रमांक एकवरून सुटणारी घार औसा रोडच्या दिशेनं जात आहे. वाटेत कुठंही थांबणार नाही.’ ऐकायला समोर मी एकटा असलो तरी ‘लक्ष द्या’ ठरलेलं.

याचा परिणाम असा, की लातुरातलं हे एकमेव प्रेक्षणीय स्थळ, जिथं प्रेक्षणीय असं काही टिकतच नसे. शाळांच्या सहली येत. मास्तर विचारत, ‘घुबड कुठंय?’ मामा छाती फुगवून म्हणत, ‘परवाच गेलं. हे बघा, हा पिंजरा रिकामा!’ आणि पोरांना त्या रिकाम्या पिंजऱ्यासमोर रांगेनं उभं करून तो दाखवत. पोरं हिरमुसत. मास्तर म्हणत, ‘अहो, मग बघायचं काय?’ मामा बोट वर करत. कडुनिंबावर, बाभळीवर, त्यांनी खास पाखरांसाठी ठेवलेल्या माळाच्या गवतात आणि मातीच्या परळांवर इतकी पाखरं असत की मोजता येऊ नयेत. त्यातली कितीक त्यांनीच सोडलेली. ‘भरल्याला पिंजरा तर कुठंबी बघायला मिळतोय,’ मामा म्हणत, ‘रिकामा बघायचा आसंल तर हितं या.’ एकदा एक जाडा गृहस्थ आडून आडून चौकशी करायला लागला, की घुबडाची नखं मिळतील का, जरा गुप्तधनाचं काम होतं. मामांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, पूर्ण नाव, गाव, तालुका अदबीनं विचारून घेतला आणि मग कर्णा उचलून ते सगळं नखांसकट रिंग रोडला ऐकू जाईल असं तीन वेळा जाहीर केलं. माणूस चपला टाकून पळाला. चपला बेवारस सामानात जमा झाल्या.

अशा माणसाकडं मी जागा मागितली. सरळ मागितली, म्हटलं, ‘मामा, तळमजल्यावर क्लास, वर मुलींचं होस्टेल. तुमच्या नावाची पाटी लावतो.’ मामांनी रागवायला हवं होतं, पण रागावले नाहीत. दाढी खाजवली. मग म्हणाले, ‘जावईबापू, स्टँड कवा बंद करतेत? शेवटची गाडी सुटल्यावर. हितली शेवटची गाडी सुटू द्या, जागा तुमची. हा माझा शब्द.’ मी इतका खूश झालो की विचारू नका. त्या वेळी सगळ्या फलाटांवर मिळून असतील दहा-बारा पाखरं. ती बरी केली की काम फत्ते! त्या दिवसापासून सकाळचा क्लास सुटला की मी सुटायचो तो थेट स्टँडवर. पट्ट्या बांधायला शिकलो, डाळ मिलमधून चुरी आणायला शिकलो. बरं करण्याचा माझा उत्साह बघून मामांच्या डोळ्यात पाणी यायचं. आतल्या गाठी त्यांना काय ठाऊक, असं मला आपलं वाटायचं.

पण पाखरं बरी करणं म्हणजे नुसत्या पट्ट्या नव्हेत. खाटीक पक्ष्याच्या एका पिल्लाला दिवसाला मूठभर जिवंत नाकतोडे लागत. मी वर्षानुवर्षं फळ्यावर नाकतोड्याची आकृती काढत आलेला माणूस, तीन जोड पाय आणि दोन जोड पंख मला झोपेत विचारा, पण जिवंत नाकतोडा पुढून धरायचा की मागून, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी सफारीत, गुडघ्यावर, गवतात झेपा घेत होतो, आणि नेमकी माझ्याच क्लासची पोरं सायकलवरून चालली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी फळ्यावर माझी आकृती काढून अवयवांना नावं दिली होती. एकदा बरी झालेली घार मामांनी ‘कुठंही थांबणार नाही’ म्हणून सोडली. तिनं एक गिरकी घेतली आणि खाली येऊन माझ्या हातातला पेढ्याचा पुडा उचलून नेला. तो मी शेवटून दहावं पाखरू सुटलं म्हणून आनंदानं आणला होता. मामा रजिस्टरात लिहीत म्हणाले, ‘टपाल घेऊन गेली.’

पोरांना मी तिकडं पाठवायला लागलो ते खरं म्हणजे फुकट मजूर म्हणून. मामांनी त्याची परीक्षा करून टाकली. आलेल्या पोरानं फाटकाजवळच्या झाडावरची तीन पाखरं ओळखायची. आली तर बसायचं, नाही आली तर परळात पाणी भरायचं. माझे सगळे पहिले नंबर पाणी भरत होते. पक्ष्यांची हाडं पोकळ असतात हे त्यांना तोंडपाठ, पण समोरची ब्राह्मणी मैना आणि साळुंकी यांत फरक काय, तर सगळे आभाळाकडं बघायचे. एक किल्लारीकडच्या पुनर्वसनाच्या गावची मुलगी होती, बारावीची, तिला मात्र तिन्ही यायची आणि तरी ती पाणी भरायची. ती म्हणायची, ‘सर, घरीबी भरतेच की.’

पाखरं बरी होत गेली, पण एक गाडी काही हलेना. तो भूकंपातला पोपट. त्याच्या एका पंखाचं टोकच लहानपणी कुणीतरी छाटलं होतं आणि आता तो म्हातारा झाला होता, उडणं त्याच्या नशिबात नव्हतं. मामांच्या हिशेबी तर तो पाखरू नव्हताच, ते दुसऱ्याचं सामान होतं, खूण पटल्याशिवाय हलवायचं नाही. आणि हा पोपट बोलत नसे, खोकत असे. फाटकातून माणूस आत पाऊल टाकतो न टाकतो तोच, पिंजऱ्यातून घशातला, ओला, दोनदा ‘हंऽ हंऽ’ असा म्हाताऱ्या माणसाचा खोकला. नवा माणूस दचकून मागं बघायचा. खोकला आला की मामा आतल्या पत्र्याच्या केबिनमधून हाळी देत, ‘कोन ते? लागा फलाटावर!’ खोकला आणि हाळी अशी त्या दोघांची जोडीच होती. मामांनी त्याला अडुळशाचा काढा पाजून बघितला, पशुवैद्याला दाखवलं. छातीत काही नव्हतं. ‘पोपट खोकतोय हे साऱ्या लातूरला माहीत हाय,’ मामा म्हणत, ‘का खोकतोय हे जो सांगंल त्याचा पोपट. हीच खूण.’ अधूनमधून कोणीतरी पोपटावर हक्क सांगत येई. ‘हिरवा होता, चोच लाल होती,’ असं सांगे. मामा म्हणत, ‘बाबा, समदेच हिरवे असतेत.’

आता माझ्या हातून घडलेलं पाप सांगतो. बाकीचे फलाट रिकामे होत आले होते. मधे अडला होता फक्त हा खोकणारा पोपट. मी क्लासवाला माणूस. उत्तर येत नसेल तर पोरगा तयार करायचा, हा आमचा धंदा! आमच्या क्लासमध्ये फी-पावत्या बघणारा एक कारकून होता, मूळचा औसा तालुक्यातला. त्याला मी पोपटाचा वारस म्हणून उभा करायचं ठरवलं. मुद्देसूद उत्तर लिहून दिलं. ‘एक, माझ्या आजोबांना दम्याचा त्रास होता. दोन, पोपटाची जागा त्यांच्या खाटेशेजारी होती. तीन, त्यामुळे त्यानं तो खोकला उचलला.’ पाठ करून घेतलं. मामांसमोर त्यानं घडाघडा म्हणून दाखवलं, एक कानामात्रा चुकला नाही. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्याला चहा पाजला, रवाना केलं, आणि मग माझ्याकडं वळले.

‘जावईबापू, पोरगं चांगलं तयार केलंय तुम्ही. पर घरचं मानूस घरचं सांगताना अडखळतंय. आनि दम्याचा खोकला काय येळ बघून येतोय का? हा रात्रभर निवांत झोपतोय. जेवताना न्हाई, पाणी पिताना न्हाई. निस्तं मानूस आत आलं की दोनदा. तुम्ही इतकं दिवस येलालाव, पाखराला औषध दिलाव, पट्टी बांधलाव, पर पाखरू बघितलंच न्हाई.’  शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते काय, ते मला त्या दिवशी कळलं. घरी आल्यावर हिनं विचारलं, ‘मामा काय म्हणाले?’ मी म्हटलं, ‘नापास केलं.’

त्यानंतर मात्र मला झोप येईना. जागेमुळं नव्हे, खरंच सांगतो, त्या खोकल्यामुळं. मी रोज दुपारी वही घेऊन पोपटासमोर बसायला लागलो. कुत्रं आत आलं, खोकला नाही. शेळी आली, नाही. माणूस आत आला, दोनदा. तोच माणूस बाहेर गेला, गप्प. फाटकाबाहेर उभा राहिला तर नाही, फाटकाच्या खालच्या आडव्या गजावरून पाय आत टाकला की लगेच. बाई असो, बाप्या असो, सारखंच. वर्षानुवर्षं मी पोरांना निरीक्षण म्हणजे काय हे शिकवत आलो आणि आयुष्यातलं पहिलं निरीक्षण मी त्या माळावर करत होतो. माझी वही भरली, पण का ते समजेना. खरं तर समजायला हवं होतं. माझे स्वतःचे आजोबा देगलूरच्या घरात काय करायचे, हे मला आठवायला हवं होतं. पण आमच्या फ्लॅटला बेल होती, आणि बेल वाजवणाऱ्या माणसाला जुनं काही आठवत नाही.

मग तो रविवार. सकाळीच शेवटची साळुंक्यांची जोडी सुटली होती आणि सगळे फलाट रिकामे झाले होते, एक पोपट सोडून. मी पिंजरे धूत होतो. ती बारावीची मुलगी आईला घेऊन आली. आई तिला भेटायला गावाहून आली होती, हातात पिशवी, पिशवीत भाकरी आणि शेंगाची चटणी, डोकं उघडं, एस.टी.त बसून केस विस्कटलेले. आई पुढं, मुलगी मागं. आईनं फाटकाच्या गजावरून पाय आत टाकला आणि पोपट खोकला, दोनदा.

त्या बाईनं झर्रकन पदर डोक्यावर घेतला, बाजूला सरली आणि खाली मान घालून भिंतीला लागून उभी राहिली. कुणातरी वडील माणसाला वाट द्यावी तशी. वाटेवर कुणीच नव्हतं. मामांची हाळी तोंडातच राहिली. पोरगी म्हणाली, ‘आई, काय झालं? अगं, पोपट हाय तो.’ बाईनं मान वर केली आणि पिंजऱ्याकडं बघितलं. पिशवी तिच्या हातातून गळून पडली.

‘आबा,’ ती म्हणाली.

मामा उठून उभे राहिले. कर्ण्याशिवाय इतकं हळू बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं. ‘खूण पटली,’ मामा म्हणाले.

मग ती सांगायला लागली, आणि मामा म्हणाले होते तशीच जागोजागी अडखळली. ‘माजे सासरे... आबा... असंच खाकरायचे. वसरीत पाय टाकायच्या आदी. दोनदा. म्हंजी आमी बायांनी पदर घ्यावा म्हनून... सारं गाव हासायचं त्या खाकरन्याला. हा पिंजरा दाराच्या वर टांगलेला आसायचा. त्या दिशी मला सुद न्हवती हो. ही मांडीवर व्हती, येवढीशी. गाडीत कुनी घातलं, ह्यो पिंजरा कुनी ठिवला, देव जाने. मला वाटलं, त्योबी गेला आबासंगं.’ आणि ती रडायला लागली. पोरगी, जी वर्षभर त्या पिंजऱ्यातली वाटी भरत होती, ती आईला धरून उभी राहिली. मी हातातला ब्रश घेऊन तसाच. मला सांगायला लाज वाटत नाही, मीही रडत होतो.

मामांनी रजिस्टर आणलं. सगळ्यांत पहिलं पान, पहिली ओळ. मालकाच्या रकान्यात बाईचं नाव लिहिलं. म्हणाले, ‘बाई, सामान तुमचं हाय. वनखात्याला मी इच्यारतो, काय मार्ग निघतोय बघतो.’ बाईनं डोळे पुसले. म्हणाली, ‘न्हेऊन काय करू, दादा? नव्या घराला वसरी न्हाई. सिमेटाचं दार, आत पाय टाकला की चूलच. आबा खाकरतील तरी कुटं? हितं येनाऱ्या-जानाऱ्याला खाकरायलेत, तेच बरं हाय. मी येत जाईन.’ मग भाकरीचा एक तुकडा तिनं पिंजऱ्यात घातला, पदर सावरून.

त्या मायलेकी गेल्यावर मामा माझ्याकडं आले. कंबरेच्या करदोट्याला लावलेल्या किल्ल्या त्यांनी सोडल्या आणि माझ्यापुढं धरल्या. ‘जावईबापू, मालक घावला. तकरार मिटली. बाकीचे फलाट मोकळे हायेत. माझा शब्द व्हता. घ्या.’  माझ्या स्कूटरच्या डिकीत होस्टेलचा नकाशा तीन वर्षं पडून होता, घडीवर फाटायला आला होता. मी किल्ल्यांकडं बघितलं. तेवढ्यात दुधवाला फाटकातून आत आला, पोपट खोकला, आणि सवयीनं मामांच्या तोंडून निघालं, ‘कोन ते? लागा फलाटावर!’

मी म्हटलं, ‘मामा, एक विचारू? गाडीचा मालक सापडला म्हणजे गाडी सुटली, असा नियम आहे का एस.टी.त?’

मामा म्हणाले, ‘न्हाई.’

‘रजिस्टरात प्रस्थान लिहिलंय का?’

त्यांनी खरंच जाऊन बघितलं. ‘न्हाई.’

‘मग शेवटची गाडी अजून फलाटावरच आहे. स्टँड बंद करता येत नाही. आणि परवा संक्रांत. मांज्याची पाखरं येतील. फलाट एक धुवून ठेवतो.’

 मामांनी किल्ल्या परत करदोट्याला बांधल्या, आणि म्हणाले, ‘जावईबापू, तुम्ही आता पाखरू बघायलाव.’ आयुष्यात मला मिळालेला हा सगळ्यांत मोठा नंबर. घरी आल्यावर हिनं विचारलं, ‘जागेचं काय झालं?’ मी म्हटलं, ‘गेली.’ ही म्हणाली, ‘बरं झालं बाई! रोज जाऊन तुम्हाला तिथली सवय लागली होती.’ बायको म्हणजे बायकोच.

ती बाई महिन्यातून एकदा येत राहिली, पोरगी मेडिकलला गेल्यावरही. फाटकातून आत यायची, पदर घ्यायची, भाकरीचा तुकडा घालायची, थोडा वेळ निंबाखाली बसून गाडीच्या वेळेला जायची. एका उन्हाळ्यात पोपट बसल्या जागी गेला. मामांनी त्या पहिल्या ओळीत स्वतःच्या हातानं ‘प्रस्थान’ लिहिलं आणि पुढचा ‘कुठे’ हा रकाना मोकळा सोडला. तोवर फलाटांवर पुन्हा चौदा पाखरं जमली होती, त्यामुळं आमच्या करारातली शेवटची गाडी कधी सुटलीच नाही. पुढं तीन वर्षांनी मामाही गेले. नांदेडहून त्यांची मुलगी आली आणि तिनं किल्ल्या आणि रजिस्टर माझ्या हातात दिलं. ‘बाबा म्हणाले, कंट्रोलरला द्या,’ एवढंच म्हणाली.

आता क्लास मुलाकडं आहे. तो एका डाळ मिलच्या गोदामात भरतो, पोरं अजूनही खिडकीत बसतात. मी सकाळी स्टँडवर जातो. कर्णा चालतो, पण माझ्या आवाजात तो जोर नाही, पाखरं मात्र सुटतात वेळेवर. आणि एक खोड लागली आहे, तिच्यावरून घरात रोज बोलणी बसतात. ही म्हणते डॉक्टरला दाखवा, मुलगा म्हणतो घशाची तपासणी करा. मला काही झालेलं नाही. फाटकाच्या गजावरून आत पाय टाकताना मी दोनदा खाकरतो, आणि क्षणभर तिथंच थांबतो, केबिनकडं कान देऊन.